वऱ्हाडचें ऊन व पदवीपुढील अभ्यास

तेल्हाऱ्याचें वैशाखांतलें ऊन कसें असतें हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. अशा उन्हांत सौरपंपानें दुप्पट पाणी उपसावें, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. सौरघटास प्रकाश हवा, उष्णता नको. घट तापला कीं त्याचा विद्युद्दाब उतरतो. सिलिकॉनच्या फलकाची शक्ति २५ अंश सेल्सिअस उष्णमानास मोजून त्याच्या पाठीवर लिहिलेली असते. त्यापुढें दर अंशास ती सुमारें शेंकडा ०.४ नें घटते. बाहेर ४५ अंश असतां उन्हांतील फलक ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. तूट किती झाली? विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून पाहावें. त्रैराशिकापलीकडे यांत कांहीं नाहीं. उत्तर शेंकडा १६ येईल.

मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें सौरविद्युत् संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र २०१० सालीं स्थापन झालें. तेथील संशोधकांनीं देशाच्या निरनिराळ्या हवामानांत बसविलेले फलक जागेवर जाऊन तपासले. उष्ण प्रदेशांतले फलक थंड प्रदेशांतल्यांपेक्षां लवकर क्षीण होतात, असें त्यांस आढळलें. वऱ्हाड कोणत्या वर्गांत बसतें हें सांगणें नलगे. ज्या शेतकऱ्यानें पंचवीस वर्षांच्या भरंवशावर फलक घेतले, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

असल्या प्रश्नांचा अभ्यास ज्यांस करावयाचा असेल त्यांच्यासाठीं त्याच आवारांत आणखी एक दार आहे. आय. आय. टी. व ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठ यांनीं मिळून २००८ सालीं एक संशोधन अकादमी काढली. (दोन्ही संस्था १९५८ सालच्या, हा मौजेचा योगायोग.) येथें पीएच्. डी. करणाऱ्यास एक मार्गदर्शक पवईचा व एक मोनॅशचा असतो. कांहीं काळ ऑस्ट्रेलियांत राहून काम करावें लागतें, आणि पदवी दोन्ही संस्थांची मिळून मिळते. स्वच्छ ऊर्जा हा तेथील संशोधनाचा एक विषय आहे.

खर्चाच्या नुसत्या कल्पनेनें पालकांनीं बिचकूं नये. अशा ठिकाणीं निवड झालेल्या संशोधकांस सामान्यतः विद्यावेतन मिळतें. मुलीस इतकें शिकवून काय करावयाचें, असेंहि आम्हांस विचारण्यांत येतें. ज्या मुलीस भौतिकशास्त्र आवडतें तिला तें शिकूं द्यावें, एवढेंच आमचें उत्तर आहे. अडचण खरी येते ती गणिताच्या कच्चेपणानें, आणि तो बहुधा आठवी-नववींतच शिरतो.

विषयहि आपल्या अंगणांत आहेत. कापूस निघाल्यावर उरणारी पऱ्हाटी पाहा. चुलींत जळते ती जळते, बाकीची बांधावर पेटवून देतात. आपल्याच जिल्ह्यांत पारसच्या वीजकेंद्रांत २५० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. अशा केंद्रांत कोळशाबरोबर शेतांतील काडीकचऱ्याच्या गोळ्याहि जाळाव्या, असें केंद्र सरकारचें धोरण आहे. पण पऱ्हाटी हलकी व पसरट. ती गोळा करून वाहून नेण्यांतच पैसा जातो. शिवाय तिच्या राखेंतील पोटॅशचे क्षार भट्टींत वितळून नळ्यांवर थर धरतात. तो थर कसा टाळावा, हा पीएच्. डी. चा चांगला विषय होईल.