पत्रा किती जाड घ्यावा?

जुहूला मावशीकडे छोटी भट्टी आहे. तिच्या पेंडंटसाठी पैसे वाचवायला मी शुद्ध चांदीचा ०.४ मिमी पत्रा घेतला, नक्षी कोरली, वर निळा पारदर्शक मिना (म्हणजे रंगीत काचेची पूड) भरून भाजला. बाहेर काढला तेव्हा झकास! गार होताना मात्र पत्रा घुमटासारखा फुगला आणि मिन्याचा टवका उडाला.

अरे, ही तर आपली बायमेटल पट्टी! चांदी काचेपेक्षा जास्त आकसते. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: दुप्पट जाडी, आठपट ताठपणा. आणि पारदर्शक मिन्याखालची नक्षी ०.३ मिमी खोदल्यावर माझ्याकडे उरलं काय?

पातळच हवा असेल, तर मागूनही मिना द्यावा म्हणजे ताण तोलला जातो. मी सरळ १.२ मिमी घेतला. पत्र्याचं वजन तिप्पट; मावशी आता जाड साखळी मागतेय.