रानफुले नीट निरखा
(वाचन : मत्तय 6:25-34)



उपवासकाळ सुरू होतो त्या सुमारास आपल्याकडे पळस फुलतो. सकाळी बागेत किंवा कयाधूच्या काठाने फिरायला गेले, तर पाने गळालेल्या झाडावरची केशरी फुले दुरूनही दिसतात. पायाशी काय फुलले आहे, ते मात्र आपण क्वचितच पाहतो. बागेच्या कुंपणालगत, जिथे माळ्याचे पाणी पोचत नाही, तिथे भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरलेली असते. फूल जांभळे, म्हणजे या दिवसांत वेदीवर दिसणाऱ्या रंगाचे, आणि पानापानांवर काटे. शेजारी एकदांडीची इवलीशी फुले. खरचटले की आपल्या आया-आज्या हिचाच पाला चोळून लावत.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू अशाच रानफुलांकडे लक्ष वेधतो. गालीलात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून तिथे वसंतात जमीनच फुलून येते. आपल्याकडे तसे दृश्य श्रावण-भाद्रपदात दिसते. ‘पाहा’, ‘विचार करा’ असे आपण वाचतो, तिथे मत्तयने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नीट निरखून शिका’ असा आहे. पाखरे पेरणी करीत नाहीत, फुले सूत कातीत नाहीत, असे प्रभू सांगतो. त्या काळी पेरणी पुरुषांची आणि कातणे बायकांचे काम. दोघांच्याही कष्टांची त्याला जाण होती. लाकूड कमी असल्याने तिथे वाळके गवत भट्टीत घालत, जशा आपण तुराट्या-पऱ्हाट्या चुलीत घालतो.

पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. ज्याचे सोयाबीन पावसात गेले, डोक्यावर कर्ज आहे, त्याला ‘फुले पाहा’ म्हणणे ही थट्टा नव्हे का? ‘चिंता करू नका’ हे शब्द आपण अशा घरी फार सहज बोलून जातो, आणि माझ्या मते ते चुकते. प्रभूचे श्रोतेही करांनी पिचलेले शेतकरी आणि कोळीच होते. त्याने कष्ट सोडायला सांगितले नाही. उद्याचे ओझे आज उचलू नका म्हटले. शिवाय इथला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. हे एकट्यादुकट्याला नव्हे, सर्वांना मिळून सांगितले आहे. तेव्हा शेजारची चूल पेटली की नाही, हे पाहणे आपल्याकडेही येते.

असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग मुद्दाम न नांगरता ठेवायला सांगत, रानफुले उगवावीत म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात याची आठवण दिली आहे.

हळदीच्या धावपळीतही या आठवड्यात एक सकाळ काढा. मुलांना सोबत न्या, वरील वाचन घरी मोठ्याने वाचा, आणि निदान तीन फुलांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पिवळ्या धोतऱ्यापासून मात्र मुलांना दूर ठेवा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, पण विषारी असते.