फडात कुत्र्याला लागलं तर पहिल्या तासात काय करायचं



तोड सुरू झाल्यापासून या आठवड्यात तीन फोन कुत्र्यांचे आले. ऊस सल्ल्याच्या नंबरवर कुत्र्याचं काय, म्हणून हसू नका. वस्तीची राखण, गोठ्याची रात्रपाळी, धनगरांनी रानात मेंढरं बसवली की कळपाची राखण, सगळं तेच करतंय. काहींच्या दारात पळणारी कारवान कुत्री पण आहेत. आणि तुटलेल्या फडात उंदरामागं पळताना तिरक्या बुडख्यांवर पाय पडतो तो त्यांचाच.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या हंगामात एका सभासदांचा फोन आला. कुत्र्याच्या पुढच्या पायाला बुडखा लागलाय, बोटांच्या बेचक्यात चिरलंय. मी घाईत होतो. "हळद दाबा, बरं होतंय," म्हणालो आणि फोन ठेवला. पाचव्या दिवशी बघितलं तर वर हळदीची वाळलेली खपली, खाली पू आणि पुवात अळ्या. डॉक्टरांना एक बोट काढावं लागलं. कुत्रं वाचलं, पण लंगडतंय. हळद विष नाही, पण न धुतलेल्या खोल जखमेवर तिचं झाकण बसतं आणि घाण आतच राहते. मी पिकाचा डिप्लोमावाला, जनावरांचा डॉक्टर नाही. खालचं सगळं त्यानंतर डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आहे.

*आधी तोंड बांधा.* घरचं, लाडाचं असलं तरी दुखलं की कुत्रं चावतं. सुती कापडाची लांब पट्टी नाकाडावरून गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारा आणि टोकं कानामागं नेऊन बांधा. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधू नका. काम झालं की लगेच सोडा, कारण कुत्रं तोंडानंच अंग थंड करतं.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही, गोठलेलं रक्त परत सुटतं. नख तुटलं असेल तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबली तरी थांबतं.

*मग धुणं, आणि खरं औषध हेच आहे.* एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ. सुई काढलेल्या सिरिंजनं जखमेत जोरात पिचकारी मारा. एकदा नाही, पाणी स्वच्छ येईपर्यंत. माती, पाचटाचा तुकडा, सगळं निघालं पाहिजे. नंतर बीटाडीनसारखं तपकिरी औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा.

पट्टी बांधताना बोटांच्या मध्ये थोडा कापूस घाला आणि पट्टी सैलसर ठेवा. मधली दोन बोटं उघडी ठेवून रोज बघा. सुजली, गार पडली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा. ओली झाली की बदला, शेणामुतात भिजलेली पट्टी नसलेली बरी. चाटू नये म्हणून वरून जुना पायमोजा घाला.

आता न लावायच्या गोष्टी. रॉकेल, फिनेल, डिझेल नको, कातडी भाजते. अळ्या पडल्या म्हणून थायमेट किंवा कुठलीही पिकाची पावडर तर अजिबात नको. कुत्रं जखम चाटतं, म्हणजे ते औषध पोटातच जातं. अळ्या मारताना कुत्रं मरतं. माशीची अंडी एका दिवसात फुटतात, त्यामुळं अळी दिसली की घरगुती उपाय बंद, थेट दवाखाना. आपल्या डब्यातल्या पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पण देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला, यकृताला, किडनीला त्या झेपत नाहीत.

कुसळाबद्दल वेगळं सांगतो, कारण ते दिसत नाही. बांधावरच्या गवताचं कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरलं की उलट्या काट्यांमुळं आतच सरकत जातं. कुत्रं एकच जागा सारखं चाटत बसलं, किंवा अचानक डोकं झटकायला लागलं तर बेचकी आणि कान बघा. टोक बाहेर असेल तर चिमट्यानं सरळ ओढा. आत गेलं असेल तर खोदू नका. रानातून आल्यावर दोन मिनिटं पाय चाचपायची सवय लावली तर निम्मा त्रास वाचतो.

दवाखान्यात कधी? दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, मांस उघडं पडलं, छातीत किंवा पोटात काही घुसलं, दुसऱ्या दिवशीही पाय टेकवत नाही, किंवा वास येतोय, तर. टाके घालायचे असतील तर त्याच दिवशी न्या. तोंड किंवा पाय झपाट्यानं सुजला तर साप चावला असं धरून चाला. बांधू नका, चिरू नका, गाडी काढा.

*दुसऱ्या कुत्र्यानं चावलं असेल तर* ती किरकोळ जखम नाही. हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लाळ तुमच्या हाताच्या चिरेला लागली असेल तर तीही तशीच धुवा आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. वाट बघायची नाही, रेबीज झाल्यावर औषध नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दरवर्षी, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर 1962. पथक कुत्र्यासाठी येणार का, ते फोनवरच विचारून घ्या, नाहीतर वेळ जातो. जखमेचे फोटो ग्रुपवर टाकू नका, सकाळी सकाळी सगळ्यांना बघायला लागतात 😅 मला वैयक्तिक पाठवा. यावेळी "हळद दाबा" म्हणणार नाही.

– कृषी सल्लागार, गडमुडशिंगी