ठिपक्यांची रांगोळी आणि भावाची कवटी

गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ पलासियात स्कूटरवरून घसरला. डावा डोळा सुजून बंद झाला, म्हणून सीटी स्कॅन केला. पडद्यावर त्याची कवटी गोल गोल फिरत होती, आणि डाव्या डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी चक्क भोक! आईनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी मात्र ते चित्र बाजूला सारलं आणि स्कॅनचे एकेक काप पुढे-मागे करून बघितले. मग उजवी खोबणी दाखवली. मार न लागलेल्या त्या बाजूलाही तसंच भोक. हाड तिथे मुळातच कागदासारखं पातळ असतं, शाबूत आहे, म्हणाले. आईचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र अडकला. मी गणिताची विद्यार्थिनी, मला ते खोटं भोक काही सोडेना.

झालं असं की यंत्र कवटी देतच नाही, देतं ते नुसते आकडे. एका कापात 512 गुणिले 512 चौकोन. असे 300 काप धरले तर 7 कोटी 86 लाखांहून जास्त आकडे होतात. त्या त्या जागच्या इवल्याशा विटेनं क्ष-किरण किती अडवले, हे प्रत्येक आकडा सांगतो. मग आपण एक पातळी ठरवायची : याच्या वर ते हाड. 1987 मध्ये लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी यातून पृष्ठभाग काढायची फार सुटसुटीत रीत मांडली. आठ आकडे कोपऱ्यांवर घेऊन एक घन करा. प्रत्येक कोपरा हाडात किंवा हाडाबाहेर, म्हणजे शक्यता 256. फिरवून, उलटवून सारख्या होणाऱ्या एकत्र केल्या की उरतात अवघ्या 15. कुठल्या शक्यतेला कुठले त्रिकोण, ते आधीच ठरलेलं. त्रिकोण जोडत गेलं की कवटीची जाळी तयार.

आता भोक बघा. हाड विटेपेक्षा पातळ असेल तर विटेचा आकडा हाड आणि आजूबाजूचं मऊ मांस यांची सरासरी असतो. तो पातळीखाली गेला की हाड गायब!

जबड्यावर किती ताण येतो हे काढायचं, तर नुसतं कवच पुरत नाही. आतली जागाही चार तोंडांच्या बारीक ठोकळ्यांनी भरावी लागते. कुठला ठिपका कुणाला जोडायचा? आपल्या आज्या ठिपक्यांची रांगोळी काढतात, तोच प्रश्न, फक्त ठिपके वेडेवाकडे पडलेले. रशियन गणिती देलोने यांचा 1934 चा नियम असा : तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत चौथा ठिपका नको. त्यामुळे सुईसारखे लांबट त्रिकोण होता होईल तो टळतात. (सपाट कागदावर, बरं का. त्रिमितीत हा नियम पाळूनही काही चपटे ठोकळे निसटतातच, आणि तेच हिशेब बिघडवतात.)

एवढं काम एकटा प्रोसेसर करत बसला तर रोगी ताटकळत राहील. म्हणून वाटून घ्यायचं. दिवाळीत आमच्या सोसायटीच्या अंगणात आम्ही चौघींनी एकच रांगोळी चार भागांत काढली. मधे छान जमलं. शिवेवर माझी ओळ शेजारणीच्या ओळीशी अर्ध्या ठिपक्यानं चुकली, झालं! प्रोसेसरांचं दुखणं हेच. म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्याच्या काठाच्या पट्टीची नक्कल जवळ ठेवतो. दोघांना एकाच वेळी काठावर नवा ठिपका टाकायचा असेल, तर एकानं थांबायचं. या थांबण्यात वेग जातो. अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हिशेब तर फारच निर्दय : कामाचा दहावा हिस्सा एकट्यानंच करावा लागणार असेल, तर हजार गडी लावा, वेग दहापटीच्या वर जात नाही.

पुण्याच्या सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये केलेला परम 8000 याच तत्त्वावर उभा होता : एक महाबलाढ्य यंत्र नाही, तर अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले.

कवटीच्या तुटलेल्या भागाचा तुकडा अशा जाळीवरून छापून बसवतात. धमनीतल्या रक्ताचा दाबही काढतात. पण तो पातळीचा आकडा माणूसच ठरवतो. तो जरा वर सरकला की भोक मोठं.

भावाची सूज आठवड्यात उतरली. फिरत्या कवटीचं चित्र त्यानं मोबाइलवर लावलंय, भोकासकट.