जुन्या जीपची तेलगाळणी

जीप गाडी खेड्यातल्या माणसाला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेच्या लष्करासाठी बनली. विलीज कंपनीची ती गाडी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईच्या महिंद्र कंपनीने ती आपल्या देशात जोडायला घेतली. शाळा तपासायला साहेब यायचे, ते जीपमधून. निवडणुकीचा भोंगा फिरायचा, तोही जीपवरून. आजसुद्धा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद, सिल्लोडकडे एखाद्या वाड्यात जुनी जीप जपून ठेवलेली दिसते. कोणी हौसेने ठेवतो. कोणी तिच्यातून भाजी बाजाराला नेतो. आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला घाटी दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर दारातली गाडी चालू झाली पाहिजे ना?

म्हणून तिच्या इंजिनाला जपायचे. इंजिनात तेल असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण ते नुसते ओतून भागत नाही. ते स्वच्छ राहावे लागते. त्यासाठी जी गाळणी असते, तिला मिस्तरी लोक ऑइल फिल्टर म्हणतात. ती कशी निवडायची, ते आता पाहू.

इंजिनाच्या पोटात लोखंडावर लोखंड फिरते. दोहोंमध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो आहे तोवर लोखंड लोखंडाला घासत नाही. इंजिनाच्या तळाला तेलाची टाकी असते. तिला चेंबर म्हणतात. चेंबरमधले तेल पंप वर ओढतो आणि बेअरिंगांकडे दाबाने पाठवतो. वाटेत त्या तेलात काय काय मिसळते? धातूचा बारीक किस. जळणाची काजळी. बाहेरची धूळ. आपल्याकडची फुफाट्याची वाट तुम्ही जाणताच. धुळीचा कण लोखंडाला काचपेपरासारखा घासतो.

हा कण केवढा असतो? एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चांगली गाळणी २०–२५ मायक्रॉनचे कण बहुतेक अडवते. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. डोळ्याला ते दिसत नाहीत, पण बेअरिंगला ते कळतात.

मात्र एक ध्यानात ठेवा. गाळणी काजळी पुरती काढू शकत नाही. तेलात मिसळलेले पाणी किंवा डिझेल तर ती मुळीच काढत नाही. म्हणून नवी गाळणी बसवली की जुने तेल चालेल, असे समजू नये.

आता मुख्य गोष्ट. गाळणी दोन तऱ्हेची असते.

पहिली तऱ्हा जुन्या पेट्रोल जीपची. इंजिनाच्या बाजूला एक डबा असतो. त्याला दोन बारीक नळ्या असतात. डब्यात काढता-घालता येणारी गाळणी असते. सगळे तेल या डब्यातून जात नाही. थोडेसेच जाते, गाळून निघते आणि परत चेंबरात पडते. बाकीचे तेल तसेच बेअरिंगांकडे जाते. फिरत फिरत सगळे तेल केव्हा ना केव्हा गाळले जाते. गावच्या पाटाचे पाणी एका बारीक चारीतून बागेत घ्यावे, तसा हा प्रकार. या वाटेवर मुद्दाम एक अगदी बारीक छिद्र ठेवलेले असते. ते छिद्र म्हणजे चारीचे दार. काही शहाणे “तेल जास्त गाळले जाईल” म्हणून ते छिद्र मोठे करतात. मग काय होते? तेल डब्याकडेच पळते आणि बेअरिंगांना दाब कमी पडतो. चांगले करायला जावे आणि इंजिन गमवावे, असे होते.

दुसरी तऱ्हा नंतरच्या गाड्यांची. इथे पंपाचे सगळे तेल आधी गाळणीतून जाते, मग बेअरिंगांकडे. ही गाळणी पत्र्याच्या बंद डब्यासारखी असते आणि आट्यांवर फिरवून बसवतात. गाळणी तुंबली तर इंजिन कोरडे पडू नये, म्हणून एक झडप ठेवलेली असते. ती उघडली की तेल न गाळता पुढे जाते. घाण तेल वाईट खरे, पण तेलच नसणे त्याहून वाईट. ही झडप काही गाड्यांत इंजिनात असते, काही गाड्यांत गाळणीत. ज्या इंजिनात झडप नाही, त्याला झडप नसलेली गाळणी बसवली आणि ती तुंबली, तर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

यावरून कळेल की दुकानात जाऊन “ही अशी दिसणारी द्या” म्हणून भागत नाही. इंजिन कोणते, ते सांगावे लागते. कितीएक जुन्या जीपांत मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवलेले असते. तिथे गाडीचे नाव सांगून उपयोग नाही. इंजिनाचे नाव आणि गाळणीचा नंबर कागदावर लिहून न्यावा. आता तुम्हांला लिहिता येते, त्याचा हा उपयोग.

आट्यांची फसगत फार वाईट. कन्नडच्या घाटात आम्ही एक डिझेल जीप उभी पाहिली होती. मागे रस्त्यावर तेलाचा पट्टा उमटला होता. गाळणी सुटून पडली होती. तिचे आटे २० मिलिमीटरचे होते. इंजिनाचे आटे सहा सुती, म्हणजे पाऊण इंचाचे. सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटरहून किंचित जास्त. फरक एका मिलिमीटरचासुद्धा नाही. त्यामुळे गाळणी चढली, आवळलीही गेली. पण धरून राहिली नाही. चढावर तेलाचा दाब आला आणि ती निसटली. गाडीवान म्हणाला, “दिव्याकडं ध्यानच नव्हतं, गुरुजी.” इंजिन जाम झाले होते. घरातली दुधाची फेरी त्याच गाडीवर होती. म्हणून नवी गाळणी हाताने फिरवून पाहा. ती डगडग हलली, तर घेऊ नका.

दुकानात आणखी काय पाहावे? रबरी रिंग मऊ आणि अखंड असावी. आट्यांत किस किंवा गंज नसावा. पत्रा कुठे चेपलेला नसावा. नावाजलेल्या कंपनीची नक्कल विकणारे असतात, म्हणून खोक्यावरची छपाई नीट वाचा आणि पावती मागा. जुनी गाळणी मिस्तरीकडून कापून पाहिली तर आतला कागद दिसतो. घड्या सरळ आहेत का, कागद फाटला आहे का, चमकणारा किस किती आहे, ते पाहा. किस फार असला तर दोष गाळणीचा नव्हे. इंजिन आत कुठेतरी झिजते आहे.

बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून तपासा. रिंगवर रिंग बसली की तेल उडालेच. नव्या रिंगला तेलाचे बोट लावा. गाळणी हाताने फिरवा. रिंग टेकली की खोक्यावर लिहिले असेल तेवढेच पुढे आवळा. बहुधा पाऊण फेरा असतो. पाना लावून जोर करू नये.

मग इंजिन सुरू करा. तेलाचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. घड्याळ असेल तर काटा वर चढला पाहिजे. तसे झाले नाही तर लगेच बंद करा. गळती नाही ना, ते खाली वाकून पाहा. इंजिन बंद करून थोडे थांबा आणि पट्टी काढून तेल मोजा. नवी गाळणी स्वतःच थोडे तेल पिते, तेवढे वरून घाला.

निघालेले जळके तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.