तीन तासांची सभा एका डीव्हीडीत मावते का?



मागच्या वर्षीची आपल्या संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवतेय ना? नेमकी सोयाबीनच्या काढणीत आली. बऱ्याच जणींना रोजगार बुडवून येणं जमलं नाही. म्हणून ठरलं की सभेचं शूटिंग करायचं आणि ज्या गावांतून बाया येऊ शकल्या नाहीत तिथं नेऊन दाखवायचं.

सभा चालली तीन तास वीस मिनिटं. महिन्याभरानं शूटिंगवाल्यानं एक डीव्हीडी हातात दिली. ती घेऊन मी एका गावात गेले. नऊ-दहा जणी टीव्हीपुढं बसल्या. आवाज नीट येत होता, पण कोणी उठून चाललं की चेहऱ्याचे ठोकळे दिसायचे. पडद्यावर जमाखर्च दाखवला तिथं आकड्यांच्या जागी नुसत्या रेघोट्या. एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, ह्यात आमच्या गटाचं कर्ज किती दाखवलंय? कायच दिसंना की."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शूटिंगवाल्याकडं मूळ फाईल मागितली तर तो म्हणाला, "कार्डावर पुढचं लग्न घेतलं, ते पुसलं गेलं." त्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण काय पाहिजे ते आधी लिहूनच दिलं नव्हतं, आणि ते काम माझं होतं. तेव्हापासून हा विषय मी शिकून घेतला. आज तोच धडा.

डीव्हीडी म्हणजे गटाची ठरलेली रक्कम

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं. कॉम्प्युटर मात्र ४.३८ दाखवतो. ही फसवणूक नाही. कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ नं मोजतो. जागा तेवढीच असते आणि ती वाढत नाही.

समजा, गटाकडं वाटायला ठरावीक रक्कम आहे. दहा जणींत वाटली तर प्रत्येकीला बरी रक्कम मिळते. चाळीस जणींत वाटली तर कुणाचंच काम होत नाही. डीव्हीडीचं तसंच आहे. इथं सभासद म्हणजे मिनिटं. मिनिटं वाढली की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारा माल कमी होतो. ह्या वाट्याला बिटरेट म्हणतात आणि तो मेगाबिटमध्ये मोजतात.

आपल्या सभेची मूळ फाईल चांगल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला २४ मेगाबिटनं घेतली असती, तर २०० मिनिटांची साधारण ३६ जीबी झाली असती. ती एका डीव्हीडीत कोंबायची म्हणजे आठ पोती धान्य एका पोत्यात भरण्यासारखं. काहीतरी सांडणारच.

एक सोपा हिशोब: ६०० भागिले मिनिटं

थोडी जागा मोकळी सोडून हा हिशोब तोंडपाठ करा. ६०० ला मिनिटांनी भागा, की सेकंदाचा वाटा मिळतो.

६० मिनिटं: १०
१०० मिनिटं: ६
१२० मिनिटं: ५
१५० मिनिटं: ४
२०० मिनिटं: ३
२४० मिनिटं: २.५

डीव्हीडीत चित्राला ९.८ च्या वर जाताच येत नाही, आणि घरी लिहिलेल्या डीव्हीडीला ८ च्या आत ठेवलेलं बरं. म्हणून तासाभराच्या कार्यक्रमाची काळजीच नाही. वाटा ५ च्या वर असला तर चित्र चांगलं येतं. ४ ते ५ मध्ये चालून जातं. ४ च्या खाली हालचाल झाली की ठोकळे दिसायला लागतात. आपल्या सभेच्या वाट्याला आले होते ३. मावशींना का दिसेना, ते आता कळलं ना?

ठोकळे का पडतात?

डीव्हीडी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवते, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहून ठेवते. स्टेजवर ताई एका जागी उभ्या राहून बोलत असतील तर बदल थोडा, माल कमी लागतो. कॅमेरा हातात धरून हलवला, सारखा झूम केला, मांडवाची झालर वाऱ्यानं हलली, तर प्रत्येक चित्र नवं होतं. मग वाटा पुरत नाही आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसतात. अंधुक उजेडात चित्रावर दाणे येतात. ते दाणेसुद्धा जागा खातात.

म्हणजे डीव्हीडीची तयारी सभेच्या दिवशीच सुरू होते. कॅमेरा स्टँडवर ठेवायला सांगा आणि स्टेजवर भरपूर उजेड ठेवा.

वाटप कसं करायचं?

कॉम्प्युटरवर दोन पद्धती असतात. एकीत प्रत्येक सेकंदाला सारखाच वाटा, गरज असो नसो. दुसरीत कॉम्प्युटर आधी पूर्ण व्हिडिओ एकदा तपासतो, कुठं जास्त लागेल ते टिपून ठेवतो, आणि दुसऱ्या फेरीत गरजेप्रमाणं वाटतो. आपण गटात आधी प्रत्येकीची गरज विचारून मग कर्ज मंजूर करतो, अगदी तसंच. ह्याला टू-पास व्हीबीआर म्हणतात. वेळ दुप्पट लागतो, पण तेवढ्याच जागेत चित्र चांगलं येतं. शूटिंगवाल्याला हाच शब्द सांगा.

आवाजाकडंही बघा. पीसीएम पद्धतीचा आवाज सेकंदाला दीड मेगाबिट खातो. वाटा ३ चा असेल तर अर्धा आवाजातच गेला! डॉल्बी डिजिटल पद्धतीचा आवाज ०.२ मध्ये भागतो, आणि भाषणाला तो पुरेसा आहे. मिरवणुकीतला डॉल्बी वेगळा बरं का, हा शांत आहे.

मग तीन तासांचं काय करायचं?

पहिला उपाय, दोन डीव्हीडी करा. चहाच्या सुट्टीपर्यंत एक, पुढची दुसरी. प्रत्येकीत १०० मिनिटं, वाटा ६. माझ्या मते सर्वांत चांगला उपाय हाच.

दुसरा, काटछाट करा. पाहुण्यांची वाट बघणं, माईकची दुरुस्ती, लांबलेले सत्कार हे काढलं तर २०० ची १५० मिनिटं होतील. पण जमाखर्च, ठराव आणि सभासदांचे प्रश्न ह्यांना कात्री लावायची नाही. काय कापायचं ते शूटिंगवाल्यानं नाही, कार्यकारिणीनं ठरवायचं.

तिसरा, ८.५ जीबीची दोन थरांची डीव्हीडी. पण काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत, म्हणून आधी चालवून बघा.

चौथा, एकाच डीव्हीडीत बसवणं भागच असेल तर चित्राची रुंदी अर्धी, म्हणजे ३५२ बाय ५७६ घ्यायला सांगा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण ठोकळे कमी होतील.

एक गोष्ट मात्र कुठल्याच उपायानं सुटत नाही. डीव्हीडीचं पूर्ण चित्रच ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. लांबून घेतलेले बारीक आकडे त्यात वाचता येणारच नाहीत. म्हणून जमाखर्चाचा तक्ता जवळून शूट करा, आणि त्याची छापील प्रत प्रत्येक गटाला द्याच. व्हिडिओ कागदाची जागा घेत नाही.

मूळ फाईल आपली

कॉपी केल्यानं चित्र खराब होत नाही, पुन्हा पुन्हा दाबल्यानं होतं. एकदा दाबलेल्या व्हिडिओवरून परत डीव्हीडी केली तर दोनदा नुकसान. म्हणून डीव्हीडी नेहमी मूळ फाईलवरून करायची.

ती फाईल ६४ जीबीच्या पेनड्राईव्हवर किंवा हार्डडिस्कवर घ्या. पेनड्राईव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाईल घेत नाही, तो आधी एक्सफॅट करून घ्यावा लागतो. एक प्रत संघाच्या कार्यालयात आणि दुसरी दुसऱ्या गावात ठेवा.

"मोबाईलच्या जमान्यात डीव्हीडी कशाला?" असं कोणी विचारेल. काही घरांत अजून प्लेअर आहेत. शिवाय डीव्हीडी-आर एकदा लिहून बंद केली की तिच्यात कुणाला बदल करता येत नाही, दप्तराला ते बरं. फक्त ती उन्हात आणि पत्र्याखालच्या उष्णतेत ठेवू नका.

शूटिंगच्या आधी ठराव वहीत लिहून सही घ्या

१. कॅमेरा स्टँडवर, जमाखर्चाचा तक्ता जवळून.
२. मूळ फाईल आपल्याला मिळाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.
३. एका डीव्हीडीत जास्तीत जास्त १२० मिनिटं.
४. टू-पास व्हीबीआर, आवाज डॉल्बी डिजिटल.
५. डीव्हीडी सावकाश, ४ किंवा ८ च्या वेगानं लिहायची. वर कागद चिकटवायचा नाही.
६. सुरुवात, मध्य आणि शेवट टीव्हीवर बघूनच उरलेले पैसे.

हे आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर अहमदाबादच्या सेवा संघटनेच्या बाया आठवा. १९८४ साली त्यांनी कॅमेरा हातात घेतला, त्यातल्या काही जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आपल्याला तर फक्त ६०० ला भागायचंय.

गटात सोडवा: तुमच्या ग्रामसंघाची सभा १ तास ४० मिनिटं चालली. वाटा किती? आणि ४ तास चालली तर किती डीव्हीडी लागतील? पुढच्या मासिक बैठकीत उत्तर सांगा.

यंदाच्या सभेचं शूटिंग घेऊन मी त्याच गावात परत जाणार आहे. ह्या वेळी तक्ता जवळून घेतलेला असेल आणि छापील प्रतही पिशवीत असेल. मावशींना त्यांच्या गटाचा आकडा मला विचारावा लागू नये, त्यांनी तो स्वतः वाचावा.