उतारवयात बळ राखू या

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. आपल्या लिंबागणेश परिसरातही कष्टात आयुष्य गेलेले अनेक उपासक-उपासिका आहेत. कोयता सुटला की आता विश्रांती, असे आपण म्हणतो. परंतु श्रम थांबताच स्नायू झिजू लागतात. साठीनंतर ही झीज वाढते. मग उठताना आधार लागतो, पडून हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. हात न टेकता खुर्चीवरून उठबस करावी, भिंतीला हात लावून जोर काढावेत. आहारात डाळ, शेंगदाणे, अंडी असावीत. तथागत ८०व्या वर्षीही पायी चारिका करीत होते. आपणही वंदनेला स्वतःच्या पायांनी विहारात येऊ या.